न बरसणारे ढग

पाऊस संपून हवा कोरडी झाली, की आपण आभाळाकडे बघणं सोडून देतो. पावसाळ्याचे चार महिने येता-जाता मान वर करणारी माणसं दिवाळीनंतर मान खाली घालून कामाला लागतात. आणि मग एखाद्या सकाळी निळ्या आभाळात पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. पिंजाऱ्याच्या धनुकलीतून सुटलेला कापूस वाऱ्यावर पसरावा तशा. कधी त्या पिसांसारख्या असतात, कधी टोकाला आकडा असलेल्या, तर कधी रेघा नसतातच. दुधावर पातळ साय धरावी तसा आभाळभर नुसता पडदा असतो. हे सगळे ढगच, आणि नेहमीच्या ढगांत सर्वांत उंचावरचे. त्यांच्यातून आपल्या अंगणात एक थेंबही पडत नाही. तरीही आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

त्याला कारण एक चूक आहे, आणि ती माझीच आहे. हवामान निरीक्षक म्हणून नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. प्रशिक्षण ताजं होतं, ढगांचे दहा प्रकार तोंडपाठ होते. फाल्गुनात सुट्टी काढून बार्शीकडे मामांच्या गावी गेलो. ज्वारी काढून झाली होती, कणसं खळ्यावर येऊन पडली होती, दोन-तीन दिवसांत मळणी धरायची होती. सकाळी आभाळात पिसं दिसली. मामांनी विचारलं, "काय रे, आभाळ कशानं आलंय? कणसं झाकू का?" झाकायचं म्हणजे चार ठिकाणच्या ताडपत्र्या गोळा करायच्या, गडी अडकवायचे, एक दिवस मोडायचा. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मामा, हे ढग तीस हजार फुटांवरचे. नुसता बर्फ आहे तो. यातून पाऊस पडत नसतो."

मामा निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी आभाळ पांढुरकं झालं, रात्री चंद्राला खळं पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर काळे ढग चढले आणि संध्याकाळी अर्धा तास पाऊस झाला. फार नाही, पण उघड्या कणसांना तेवढा पुरला. ज्वारी काळी पडली, भाव गेला. मामा रागावले नाहीत. "तू ढग बरोबर वळखलास," एवढंच म्हणाले, "पाऊस तेवढा चुकला."

मी सांगितलेलं पुस्तकाप्रमाणे खरं होतं. त्या पिसांतून पाऊस पडला नव्हताच. तो पडला त्यांच्या मागून आलेल्या ढगांतून. मी ढग बघितला आणि आभाळ बघायचं विसरलो. तेव्हापासून हे उंचावरचे ढग दिसले, की मी त्यांच्याकडे एकदा बघून थांबत नाही. दोन तासांनी पुन्हा बघतो, मग पुन्हा.

आधी हे ढग असतात कसे ते पाहू. जमिनीपासून वर जाऊ लागलं, की दर किलोमीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. पुण्यात दुपारी ३० अंश तापमान असेल, तर १० किलोमीटरवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, ते उणे ३५ च्या आसपास असतं. शाळेत आपण शिकलो, की पाणी शून्य अंशाला गोठतं. ढगातला थेंब मात्र इतका बारीक असतो, की गोठायला त्याला धुळीच्या एखाद्या योग्य कणाचा आधार लागतो. तो मिळाला नाही तर उणे १०, उणे २० अंशांतही तो पाणीच राहतो. उणे ३८ ते ४० अंशांच्या खाली मात्र कुणाचा आधार लागत नाही, थेंब आपोआप गोठतो. म्हणून इतक्या उंचीवरचा ढग म्हणजे बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांचा थवा. आपल्या उष्ण कटिबंधात हे ढग साधारण ६ ते १८ किलोमीटरच्या पट्ट्यात आढळतात. युरोपसारख्या प्रदेशात ते ५ ते १३ किलोमीटरवर असतात आणि ध्रुवांकडे तर ३ किलोमीटरपर्यंत खाली येतात.

आणि ते कमालीचे विरळ असतात. एका घनमीटर हवेत, म्हणजे एखाद्या मोठ्या कपाटाएवढ्या जागेत, ढोबळमानाने ग्रॅमचा पन्नासावा-शंभरावा हिस्सा एवढाच बर्फ. चिमूटभर मिठाच्याही कितीतरी कमी. एवढ्या ऐवजावर आभाळ पांढरं दिसतं, याचंच नवल वाटावं.

त्यांना नाव दिलं ते लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसानं. हा औषधी रसायनं बनवणारा गृहस्थ; ढग बघणं हा त्याचा छंद. डिसेंबर १८०२ मध्ये एका छोट्या अभ्यासमंडळापुढे त्यानं ढगांवर निबंध वाचला. तोपर्यंत ढगांचे आकार क्षणोक्षणी बदलतात, त्यांचं वर्गीकरण काय करायचं, असाच समज होता. हॉवर्डनं दाखवलं, की आकार कितीही बदलले तरी मूळ जाती मोजक्याच आहेत. केसांच्या बटेसारख्या दिसणाऱ्या ढगांना त्यानं लॅटिनमधलं सिरस हे नाव दिलं. अर्थच कुरळी बट. १८९६ साली पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला, त्यातही हीच नावं राहिली आणि आजही जगभरच्या वेधशाळा तीच वापरतात. मराठीत आपण त्यांना तंतुमेघ म्हणतो.

उंचावरच्या या घराण्यात तीन भावंडं आहेत. पहिला हा सिरस, रेघांचा आणि पिसांचा. दुसरा सिरोक्युम्युलस, पांढऱ्या बारीक दाण्यांचा, वाळूवर उमटलेल्या लहरींसारखा. हा क्वचित दिसतो आणि फार वेळ टिकत नाही. तिसरा सिरोस्ट्रेटस, म्हणजे तो सायीसारखा पडदा. तो इतका पातळ असू शकतो, की आभाळ स्वच्छ आहे अशी नोंद करून माणूस मोकळा होतो. वेधशाळेत आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी व्यापले ते लिहायचं असतं. आठही भाग झाकलेले असताना शून्य लिहिणारे नवशिके मी पाहिले आहेत. मीही त्यांतलाच.

ओळखायचं कसं? पहिली खूण सावली. दिवसा ढगातून ऊन पडलंय आणि आपली सावली जमिनीवर स्पष्ट दिसते आहे, तर वरचा पडदा सिरोस्ट्रेटसचा. तोच पडदा खाली येऊन जाड झाला, की सूर्य घासलेल्या काचेमागच्या दिव्यासारखा दिसू लागतो आणि सावली नाहीशी होते. तो मग मधल्या थरातला आल्टोस्ट्रेटस झाला. ही सावलीची परीक्षा साधी वाटते. पण पडदा खाली उतरतो आहे की नाही हे कळायला माझ्या माहितीत तिच्याइतकं सोपं साधन नाही. त्या फाल्गुनात दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी मी नुसती मामांच्या अंगणातल्या कडुलिंबाची सावली पाहिली असती, तरी पुरलं असतं.

दुसरी खूण बोटांची. दाणेदार ढग उंचावरचा की मधला, हा प्रश्न नेहमी पडतो. हात पूर्ण लांब करून करंगळी ढगावर धरा. ढग क्षितिजापासून बराच वर असताना त्याचे दाणे करंगळीच्या रुंदीआड झाकले जात असतील, तर तो सिरोक्युम्युलस. करंगळीहून मोठे पण तीन बोटांच्या आत असतील तर मधल्या थरातला आल्टोक्युम्युलस, आणि तीन बोटांहून मोठे गठ्ठे असतील तर खालचा ढग. उंचावरच्या दाण्यांना करडी छटाही नसते, ते पांढरेशुभ्र असतात.

तिसरी खूण संध्याकाळची. सूर्य मावळला की खालचे ढग आधी काळवंडतात, मग मधले. तंतुमेघ मात्र तांबूस-सोनेरी राहतात. आपल्यासाठी सूर्य बुडालेला असतो, १० किलोमीटरवरच्या ढगासाठी अजून नसतो. डोक्यावरच्या अशा ढगाला सूर्यास्तानंतरही बारा-तेरा मिनिटं ऊन मिळतं. एकाच वेळी काही ढग राखेसारखे आणि काही पेटलेले दिसले, तर पेटलेले वरचे, हे समजायला यंत्र लागत नाही.

तंतुमेघ स्थिर उभे आहेत असं वाटतं, तो मात्र भास आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून १२ किलोमीटरच्या आसपास पश्चिमेकडून अतिवेगवान वाऱ्यांचा झोत वाहतो. त्याची कड आपल्यावरही येते. तिथे ताशी शंभर-दीडशे किलोमीटरचा वेग सहज असतो. ढग दूर आहे म्हणून तो सावकाश वाटतो, उंचावरून जाणारं विमान वाटतं तसाच.

आणि त्या पिसांच्या शेपट्या कशाच्या, तर पडत्या बर्फाच्या. वरच्या टोकाला स्फटिक तयार होतात, जड झाले की हळूहळू खाली येऊ लागतात. वर वारा जोराचा, खाली त्यामानानं कमी. म्हणून डोकं पुढे निघून जातं आणि शेपूट मागे रेंगाळते, तिला आकडा पडतो. खालच्या कोरड्या हवेत आल्यावर हा बर्फ पाणी न होता थेट विरून जातो, कापराची वडी उडून जाते तसा. बार्शीच्या उन्हात आपण घाम पुसत असतो आणि डोक्यावर बर्फ पडत असतो. तो पोचत नाही इतकंच.

आता खळ्याकडे येऊ. मळणीचं खळं आणि चंद्राचं खळं यांना मराठीत एकच शब्द आहे, आणि तो किती नेमका आहे! सारवलेलं गोल अंगण, मधोमध तिवडा. आभाळात तिवड्याच्या जागी चंद्र. हे खळं म्हणजे उंचावरचा पडदा बर्फाचा आहे याचा पक्का पुरावा. रात्री सिरोस्ट्रेटस डोळ्यांना दिसत नाही, खळं दिसतं.

ते पडतं कसं हे समजायला षटकोनी शिसपेन्सिल हातात घ्या. ढगातले बर्फाचे स्फटिक याच आकाराचे, सहा बाजूंचे असतात. चंद्राचा किंवा सूर्याचा किरण एका बाजूतून आत शिरतो आणि एक बाजू सोडून तिसरीतून बाहेर पडतो. या दोन बाजू एकमेकींशी ६० अंशांचा कोन करतात, म्हणजे तो ६० अंशांचा लोलकच झाला. बर्फाच्या अशा लोलकातून किरण कसाही गेला तरी साधारण २२ अंशांहून कमी वळत नाही, आणि बहुसंख्य किरण या २२ अंशांच्या जवळपासच वळतात. स्फटिक लाखोंनी, वाटेल त्या दिशांना तोंड करून तरंगत असतात. त्यामुळे चंद्रापासून २२ अंशांवर चहूबाजूंनी प्रकाश गोळा होतो आणि कडं दिसतं. त्याहून कमी वळणारा किरणच नसल्यामुळे कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळपट दिसतं. लाल रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून कड्याची आतली कड तांबूस.

हे २२ अंश मोजायला आपल्याजवळ वीत आहे. हात लांब करून बोटं फाकवा, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा. करंगळीचं टोक जवळजवळ खळ्याला टेकतं. सूर्याच्या खळ्याला असं करताना मात्र सूर्याकडे थेट बघू नका. घराचा कोपरा, नारळाचा शेंडा, काहीतरी सूर्याआड धरा आणि बाजूचं आभाळ बघा.

जुनी माणसं सांगतात, खळं लांब असेल तर पाऊस जवळ आणि खळं जवळ असेल तर पाऊस लांब. लहानपणी मी हे ऐकलं तेव्हा खळं लहानमोठं होत असावं असं समजलो. तसं होत नाही. बर्फाचं हे नेहमी दिसणारं खळं वीतभरच असतं. चंद्राला अगदी बिलगून जे लहान तेजोवलय दिसतं ते वेगळं. ते पाण्याच्या बारीक थेंबांच्या पातळ ढगातून प्रकाश जाताना पडतं. त्याचा तांबूस रंग बाहेरच्या कडेला असतो, मोठ्या खळ्याचा आतल्या कडेला. या लहान वलयाला शास्त्रज्ञ कोरोना, म्हणजे मुकुट म्हणतात. शब्द बिचारा नंतर बदनाम झाला. तेव्हा जुन्या म्हणण्यातला भेद खरा आहे, कारण दोन निराळ्या ढगांच्या त्या दोन खुणा आहेत. पावसाचा भाग मात्र जपून घ्यायचा.

वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत या खळ्यांवर, त्याच्या शब्दांत परिवेषावर, एक सबंध अध्याय लिहिला आणि प्रतिसूर्यावर दुसरा. प्रतिसूर्य म्हणजे सूर्याच्या शेजारी दिसणारा दुसरा सूर्य. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना त्याच्या डाव्या-उजव्या हाताला, त्याच उंचीवर आणि पुन्हा वीतभर अंतरावर, रंगीत झळाळते ठिपके दिसतात. चपटे षटकोनी स्फटिक ताटल्यांसारखे आडवे तरंगत असले की ते होतं. वराहमिहिरानं या खुणांवरून पावसाचं तसंच राजांच्या भवितव्याचंही फल सांगितलं आहे. राजांचं सोडून देऊ; पण दीड हजार वर्षांपूर्वी माणसं किती बारकाईनं वर बघत होती!

आपण मात्र दचकतो. २४ मे २०२१ रोजी बंगळूरमध्ये भर दुपारी सूर्याला खळं पडलं, तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेलं शहर गच्च्यांवर आलं आणि छायाचित्रांचा पूर लोटला. अनेकांना तो अद्भुत, कुणाकुणाला अशुभ वाटला. खरं म्हणजे नेमानं वर बघणाऱ्याला वर्षाकाठी अशी खळी पुष्कळदा भेटतात.

या ढगांनी फसवण्याची आणखी एक जागा आहे, ती दूरदर्शन संचावर. बातम्यांत उपग्रहाचं चित्र दाखवतात, त्यात महाराष्ट्रावर पांढरा पट्टा दिसला की घरोघरी 'आता पाऊस' असं म्हटलं जातं. रात्री तर ढगांचं चित्र उष्णतेच्या अवरक्त किरणांवरूनच काढावं लागतं. जे थंड ते पांढरं, अशी त्याची रीत. तंतुमेघ उंच म्हणून थंड, म्हणून पांढरे. गडगडाटी मेघाचा माथाही तितकाच थंड आणि तितकाच पांढरा. चित्रात दोघं भावंडांसारखे दिसतात. एकाच्या पोटात पाऊस, दुसऱ्याच्या पोटात काहीच नाही. दिवसाउजेडी घेतलेल्या साध्या चित्रात पातळ तंतुमेघ पुसट दिसतात आणि दाट ढग ठळक, म्हणून हवामानतज्ज्ञ दोन्ही चित्रं शेजारी ठेवतात.

विमानं आपल्या मागे ज्या पांढऱ्या रेघा सोडतात, तेही याच जातीचे ढग आहेत, माणसानं केलेले. इंजिनातली वाफ गोठून त्या होतात. रेघ लगेच विरली तर वरची हवा कोरडी. रेघ टिकून रुंदावत गेली तर वर ओल आहे. २०१७ च्या मेघसंग्रहात अशा टिकणाऱ्या रेघांना अधिकृत नावही मिळालं. आणि त्या निरुपद्रवी नाहीत. पातळ बर्फाचा ढग ऊन बहुतांशी खाली येऊ देतो, पण जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, पांघरुणासारखा. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. रात्री आभाळ झाकलं की पारा वर राहतो. विमानांच्या रेघा एकूण पृथ्वीच्या तापण्यात भर घालतात, हे आता मान्य झालं आहे. ती भर किती, यावर मोजमापं चालू आहेत.

पावसाळ्यात उंचावरचे ढग दिसायला झाकलेल्या आभाळाला भगदाड पडावं लागतं. असं भगदाड मिळालं तर एक गंमत बघा. खालचे काळे ढग समुद्राकडून पूर्वेला पळत असतात आणि त्यांच्या वर, निळ्या तुकड्यात, तंतुमेघ उलटे, पूर्वेकडून पश्चिमेला निघालेले असतात. पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर १४ किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडून वेगवान झोत वाहतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यावर लिहिलेला शोधनिबंध जगभर गाजला. तो झोत डोळ्यांनी बघायची ही फुकट सोय आहे.

वळवाच्या दिवसांत मात्र गंमत बाजूला ठेवावी. गडगडाटी मेघ वाढत वाढत वरच्या थराला टेकला, की त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. ही ऐरणही बर्फाचीच. तिची पांढरी कड आपल्या डोक्यावर आली असताना खालचा काळा ढग अजून लांब दिसतो, म्हणून माणसं शेतात काम उरकत राहतात. वीज ढगाच्या बुडाखालीच पडते असं नाही, ती दहा-दहा किलोमीटर दूरही पडते. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आपल्याकडे शेतात, झाडाखाली माणसं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' हे ॲप फोनवर असेल तर इशारा मिळतो. नसेल तर ऐरणीची कड आणि गडगडाटाचा पहिला आवाज हाच इशारा समजून पक्क्या घरात जावं.

या पिसांवरून वादळ ओळखणारा एक माणूस होऊन गेला. क्यूबात हवाना शहरातल्या बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेचे प्रमुख फादर बेनितो विन्येस. चक्रीवादळात हवा खालून आत ओढली जाते आणि वरून बाहेर फेकली जाते. त्या बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर तंतुमेघांच्या लांबच लांब पिसाऱ्या शेकडो किलोमीटर पसरतात. विन्येस रोज त्या पिसाऱ्या कुठून निघालेल्या दिसतात, त्यांचं मूळ क्षितिजाच्या कोणत्या अंगाला सरकतं आहे, याच्या नोंदी ठेवत. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी वर्तमानपत्रातून येऊ घातलेल्या वादळाचा इशारा दिला. उपग्रह नाही, बिनतारी संदेश नाही. मान वर करून बघणं आणि लिहून ठेवणं एवढ्यावर. आज आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारानं हे करत बसू नये, वेधशाळेचा इशारा ऐकून होडी किनाऱ्याला लावावी. २०२० च्या निसर्ग वादळासारखं वादळ समुद्रात आकार घेत असताना उपग्रह ते आधीच पाहतो.

आमच्या बार्शीच्या आभाळाला इतका स्पष्ट क्रम नसतो. युरोपातल्या पुस्तकात पायऱ्या दिलेल्या असतात: आधी पिसं, मग पडदा आणि खळं, मग घासलेली काच, मग पाऊस. माघ-फाल्गुनात उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ जात असतो, त्याच्या कडेचे उंच ढग आपल्यावर येतात आणि बहुतेक वेळा काहीही न होता निघून जातात. मात्र त्याच वेळी जमिनीलगतचा वारा पूर्वेकडे फिरून बंगालच्या उपसागराची ओल मराठवाडा-सोलापूरकडे आणू लागला, तर दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात. म्हणून नुसत्या खळ्यावरून काही सांगू नये. पिसं वाढताहेत की विरळ होताहेत, पडदा आला तर सावली टिकून आहे का, वारा कुठून लागतो, हवेत चिकटपणा आला का, दुपारी क्षितिजावर फुलकोबीसारखे ढग उठताहेत का, हे सगळं एका दिवसात चार वेळा बघावं लागतं. आणि मोबाइलवर वेधशाळेचा अंदाज आता असतोच. मामांच्या वेळी आकाशवाणीवरचा अंदाज होता, पण आम्ही तो त्या दिवशी लावलाच नव्हता. घरात तज्ज्ञ आला होता ना!

मामांनी हे सगळं मला विचारून विचारून शिकून घेतलं. पुढे मी कुठेही बदलीवर असलो तरी फाल्गुनात त्यांचं एक पोस्टकार्ड यायचं. अशाच एका कार्डात त्यांनी कळवलं होतं, की काल चंद्राला वीतभर खळं होतं, सकाळी सावली फिकी झाली, वारा पूर्वेचा सुटला, म्हणून चार गडी लावून कणसं झाकून घेतली. दोन दिवस वाट पाहिली. पाऊस आला नाही. खाली एक ओळ होती: गड्यांची मजुरी तुझ्या नावावर मांडली आहे, येशील तेव्हा दे.